दुसऱ्या बाटलीतला झेंडू

सोमवार, ६ सप्टेंबर २००४

ही डायरी जानेवारीत मिळाली होती, आज पहिल्यांदा उघडली. कीडनाशकं विकणाऱ्या एका कंपनीने आमच्या लॅबला भेट दिलेल्या डायऱ्यांतली ही एक. प्रत्येक पानाच्या तळाशी कंपनीचं घोषवाक्य छापलेलं आहे. आजच्या पानावर : ‘आज फवारा, उद्या निवांत राहा.’ आमची लॅब काय करते, तर द्राक्षांत कीडनाशकाचा अंश किती उरला ते शोधते. चोराने फौजदाराला कॅलेंडर द्यावं तशी ही भेट. पण कागद चांगला आहे.

डायरी उघडायला कारण घडलं. लॅबच्या मालकांनी, रविराजसाहेबांनी, आज मला क्वालिटी मॅनेजर केलं.

साखर कारखान्याची लॅब बंद पडल्यावर मी इथे अंबडला ‘कृषिसत्य लॅब’मध्ये आलो. आजवर माझी जागा दारातल्या काउंटरवर. शेतकरी पिशवीत द्राक्षं आणतो, मी पिशवीवर नंबर चिकटवतो आणि आत पाठवतो. पण मागे परदेशातून द्राक्षांचे कंटेनर परत आले, तेव्हापासून मान्यता असलेल्या लॅबचाच दाखला चालणार असं म्हणतात. मान्यता हवी तर क्वालिटी मॅनेजर हवा.

साहेब पस्तिशीचे, पुण्याला एमबीए केलेले. मला केबिनमध्ये बसवून घेतलं. म्हणाले, “मोतीरामकाका, मी खूप विचार केला. हुशार माणसं बाजारात पुष्कळ मिळतात. पण तुमच्या कपाळावरचा हा गंधाचा टिळा बघितला की माणसाचा विश्वासच बसतो.”

मी म्हटलं, “साहेब, काम काय असेल?”

“काम तेच. फक्त सही वाढली.”

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, सही म्हणजे माणसाने कागदावर ठेवलेला हात. ते आठवलं. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. बायको सिंधू म्हणाली, “पगार?” मी म्हटलं, तो नाही वाढला. ती म्हणाली, “मग साखर थोडी काढून ठेवा परत.”

गुरुवार, ९ सप्टेंबर

मान्यतेसाठी एक जाडजूड मॅन्युअल लागतं. लॅबमध्ये कोणतं काम कसं करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. साहेबांनी ते एका सिमेंट तपासणाऱ्या लॅबकडून मिळवलं आणि कॉम्प्युटरला सांगून जिथे ‘सिमेंट’ होतं तिथे ‘द्राक्ष’ करून घेतलं. वाचून तपासायचं काम माझ्याकडे.

आमच्या मॅन्युअलप्रमाणे द्राक्षं कोरड्या जागी, जमिनीपासून वीतभर उंच, गोण्यांत रचून ठेवायची आहेत. मग पाण्यात कालवून, साच्यात घालून अठ्ठावीस दिवस ठेवायची, आणि शेवटी दाबाखाली फोडून त्यांची ताकद मोजायची.

मी हे शुभांगीला वाचून दाखवलं. ती आमची केमिस्ट, एम.एस्सी., चांदवडची मुलगी. ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. शिपाई काळू चहा घेऊन आला होता, त्याने गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाला, “अठ्ठावीस दिस ठिवायचं अन मंग दाबायचं? म्हंजी वाईनच की ही! विंचूरला धाडा ना त्यांना.”

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “काका, मॅन्युअल वाचतं कोण? जाडी बघतात.” तरी मी ती पानं काढली. जाडी कमी झाली म्हणून साहेबांनी मागे कोरे कागद लावले.

बुधवार, १५ सप्टेंबर

मान्यता द्यायला दिल्लीचे परीक्षक येतील तेव्हा ते कोणालाही थांबवून विचारू शकतात, ‘तुमची क्वालिटी पॉलिसी काय?’ म्हणून गणपतीच्या तसबिरीशेजारी पाच ओळींची इंग्रजी पॉलिसी चौकटीत लावली आहे आणि ती सगळ्यांनी पाठ करायची आहे. रोज सकाळी आरतीनंतर साहेब एकेकाला म्हणायला लावतात.

सगळ्यांत चांगली काळूला येते. अर्थ एका शब्दाचा माहीत नाही, पण कुठे थांबायचं ते बरोबर कळतं. ‘इम्प्रूव्हमेंट’ला आवाज चढवतो. शुभांगी अडखळते, कारण ती अर्थ लावत बसते.

मला स्वतःला ते पाठांतर आवडलं. पाठांतराने मन शुद्ध होतं. पॉलिसीने लॅबही होईल.

बुधवार, २९ सप्टेंबर

नमुन्यांच्या फ्रिजचं तापमान रोज लिहून ठेवावं लागतं. आम्ही ते कधी लिहिलं नव्हतं. आज साहेबांनी वर्षभराचे तक्ते शुभांगीपुढे टाकले आणि तीन वेगळ्या रंगांची पेनं दिली.

मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, “साहेब, हे खोटं होत नाही का?”

साहेब रागावले नाहीत. उलट खुर्ची जवळ ओढली. “काका, फ्रिज थंड होता का नव्हता?”

“होता.”

“मग चार डिग्री लिहिलं तर खोटं काय झालं? जे होतं तेच लिहितोय. उशिरा लिहितोय एवढंच. देवाचं नामस्मरण राहिलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुप्पट करता ना?”

साहेबांचा अध्यात्माचा अभ्यास आहे असं दिसतं.

तक्ते पाहताना जूनची एकतीस तारीख सापडली. त्या दिवशीही फ्रिज चार डिग्रीच होता. मी दाखवल्यावर साहेबांनी माझी पाठ थोपटली. “हेच! यालाच क्वालिटी मॅनेजर लागतो!” काळू म्हणाला, “त्या रोजचा पगार बी काढा मंग सायेब.”

आजचं घोषवाक्य : ‘कीड दिसण्याआधीच मारा.’

सोमवार, १८ ऑक्टोबर

बाटल्या आल्या. मान्यतेची खरी परीक्षा हीच. दक्षिणेतल्या एका संस्थेने देशभरातल्या लॅबना द्राक्षाच्या गराच्या दोन-दोन बाटल्या पाठवल्या आहेत, थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून. अ आणि ब. आत कोणतं कीडनाशक किती घातलं आहे, घातलं आहे की नाही, ते फक्त त्या संस्थेला माहीत. आपण शोधून आकडा कळवायचा. आकडा जुळला तर परीक्षक भेटीला येणार. नाही जुळला तर मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर हंगामात कोणी द्राक्ष घेऊन दारात उभं राहणार नाही. साहेबांनी स्पष्टच सांगितलं, “काका, तसं झालं तर काउंटरही नाही आणि काउंटरवर माणूसही नाही.”

सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे की दुसऱ्या कोणत्याही लॅबशी या नमुन्याबद्दल बोलू नये. नाशिक भागात आमच्यासकट तीन लॅबना एकाच पेटीतून बाटल्या आल्या आहेत. दिंडोरी रस्त्यावरची ‘सुफल’, आणि ओझरकडची ‘हिरवाई’. तिन्ही मालकांची रविवारी एकत्र मिसळ असते.

मला ही पद्धत फार आवडली. बाटलीत काय आहे ते देणाऱ्याला माहीत, आणि आपण ते प्रामाणिकपणे शोधायचं. भक्तीसारखंच आहे.

साहेब पंचांग बघत होते. बाटल्या दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडायच्या ठरल्या.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर, विजयादशमी

फार चांगला दिवस गेला. सगळं सविस्तर लिहितो.

माझा धाकटा भाऊ लहानू मखमलाबादला फुलं करतो. पहाटेच झेंडूचे दोन मोठे क्रेट घेऊन आला. फुलं अशी, की नजर लागावी. टपोरी, एकालाही भोक नाही, कुरतडलेली एक पाकळी नाही. मी म्हटलं, “लहानू, औषध मारलंय का रे?”

“काय बोलतो दादा? तुझ्या लॅबच्या देवाला द्यायची अन औषध मारील? घरच्या वाफ्यातली हायेत. लय जपलीत.”

सिंधूने हार ओवायला घेतले. ओवता ओवता म्हणाली, “अहो, दार उघडं आहे, एवढी फुलं आहेत, पण एक माशी येऊन बसत नाही यांच्यावर. दरवर्षी मधमाश्यांनी जीव नको होतो.” मी म्हटलं, देवाची फुलं आहेत, त्यांनाही कळतं. फुलांना एक उग्र ताजा वास होता. बोटांना अजून येतो आहे.

लॅबमध्ये पूजा मीच केली. द्राक्षं वाटायच्या मिक्सरला हळदकुंकू, तराजूला हळदकुंकू, काचेच्या भांड्यांना फुलं. मोठ्या यंत्राला, ज्याला आम्ही जीसी म्हणतो, दोन पदरी हार. टेबलभर पाकळ्या. अगरबत्ती, नारळ. काळूने पॉलिसी म्हटली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग साहेब म्हणाले, “विजय मुहूर्त चाललाय. बाटल्या उघडा.”

शुभांगी म्हणाली, “सर, आधी टेबल आणि मिक्सर सॉल्व्हंटने धुऊन घेते. हात पण सगळ्यांचे...”

“अगं, पूजा झालेल्या वस्तू लगेच धुतात का? काका, तुम्ही सांगा.”

मी सांगितलं की उत्तरपूजा होईपर्यंत हलवू नयेत. ते शास्त्र आहे. शुभांगीने सॉल्व्हंटची बाटली परत जागेवर ठेवली. मी दोन्ही बाटल्यांच्या झाकणांवर एकेक फूल ठेवलं, नमस्कार केला आणि तिच्या हातात दिल्या.

अशा पवित्र वातावरणात नमुना देशात दुसऱ्या कोणत्या लॅबने उघडला असेल?

सोमवार, २५ ऑक्टोबर

आकडे आले. बाटली अ मध्ये तीन कीडनाशकं सापडली. बाटली ब मध्ये एकच, क्लोरपायरीफॉस, अगदी थोडं. शून्य पॉइंट शून्य आठ. एवढंसंही सुटलं नाही म्हणून साहेब खूश.

शुभांगी खूश नव्हती. तिने नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे गर वगैरे काही न घालता, त्याच मिक्सरमधून फिरवून यंत्राला दिलं, तर त्यातही क्लोरपायरीफॉस दिसलं म्हणे. याला ब्लँक म्हणतात. कोरा नमुना. तिने साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणाले, “रिकामं कशाला तपासत बसलीस? रिकाम्याचं बिल कोण देतं?”

मंगळवार, २६ ऑक्टोबर

आज साहेबांच्या केबिनमध्ये होतो तेव्हा त्यांनी फोनचा स्पीकर लावला. पलीकडे ‘सुफल’चे मालक.

“काय शेठ, बाटल्या झाल्या का?” साहेबांनी विचारलं.

“झाल्या ना. तुमचं?”

“अ ठीक आहे. ब मध्ये क्लोर आलं आमच्याकडे. शून्य आठ.”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “हो हो. आलंय ना. आमच्याकडेही आलंय. साधारण तेवढंच.”

“किती?”

“तुम्ही किती म्हणालात?”

“शून्य आठ.”

“मग आमचं शून्य सात.”

नंतर ‘हिरवाई’ला फोन. त्यांचा केमिस्ट विधाते बोलला. त्यांच्याकडेही क्लोर निघालं, शून्य नऊ. विधाते म्हणाला की त्याला पहिल्यापासूनच शंका होती.

नियम मोडला हे मला पटलं नाही, आणि मी तसं साहेबांना म्हटलंही. पण मनातून फार हलकं वाटलं. तीन लॅब, तीन यंत्रं, तीन माणसं, आणि उत्तर एकच. शुभांगीच्या शंकेने मी उगीच अस्वस्थ झालो होतो. सत्याला साक्षीदार मिळतात ते असे.

हे शुभांगीला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “काका, तुम्ही खरंच फार चांगले आहात.” का म्हणाली कोण जाणे.

रविवार, ३१ ऑक्टोबर

पंचवटीत रामाचं दर्शन घेऊन बाजारात गेलो. लहानू झेंडूच्या ढिगाजवळ बसला होता. दिवाळीचा माल. मी हातात एक फूल घेतलं, तर ओरडला, “दादा, नाकाला नको लावू! परवाच फवारलंय.”

मी म्हटलं, “ही बाजाराची. घरच्या वाफ्याला तर नाही ना मारत?”

तो हसला. शेजारच्या भाजीवालीकडे बघून म्हणाला, “फुलाबाई, आमचा दादा बघ. लॅबमधी हाय.” मग माझ्याकडे वळून, “घरचा वाफा अन बाजारचा वाफा आसं काय आसतंय दादा? सगळा एकच वाफा. नाय मारलं तर आळी रातीत चाळण करती. तुझ्या दसऱ्याची फुलं चांगली दिसावी म्हणून तर मी दोनदा मारलं.”

“काय मारलं?”

“क्लोर. दुसरं काय.”

मी तिथेच एका रिकाम्या क्रेटवर बसलो. फुलाबाईने पाणी दिलं. मला एकदम सगळं दिसायला लागलं : माशी न बसणारी फुलं, हारांनी मढलेलं यंत्र, माझी बोटं, झाकणावर ठेवलेलं फूल.

बाटली ब मधलं क्लोर माझ्या भावाच्या वाफ्यातलं आहे. आणि ‘सुफल’ला ते सापडलं. ‘हिरवाई’लाही सापडलं. नऊ!

सोमवार, १ नोव्हेंबर

शुभांगीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही, तिला फक्त हाराचा पुरावा हवा होता. यंत्राच्या मागे सुकलेल्या पाकळ्या अजून होत्या, त्या तिने तपासल्या. यंत्राने कागदावर एवढा उंच डोंगर काढला की कागद अपुरा पडला. मग तिने सगळं धुतलं. मिक्सर, तराजू, भांडी, टेबल. मीही धुऊ लागलो. हळदकुंकू निघेना, तेव्हा मनात देवाची माफी मागितली आणि ब्रश घेतला. धुऊन झाल्यावर कोरा नमुना फिरवला : काही नाही. मग बाटली ब मध्ये उरलेला गर : काही नाही.

सपाट रेघ. मी ती बराच वेळ बघत बसलो. इतकी स्वच्छ रेघ मी या लॅबमध्ये पाहिली नव्हती.

बुधवार, ३ नोव्हेंबर

साहेबांपुढे सगळं ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांना समजलं नाही असं नाही, पूर्ण समजलं. मग ते म्हणाले, “काका, आता उशीर झाला. दोघांनी रिपोर्ट पाठवला सुद्धा. आपण ‘नाही’ म्हटलं तर आपण एकटे पडू.”

“पण साहेब, त्यांना ते आपणच सांगितलं. ते आपल्या हाराचं आहे.”

“कुणाचंही असू दे. दोघं म्हणतात आहे. उद्या संस्थेत बसलेला माणूस तुमचा हार बघणार नाही, तीन आकडे बघणार.”

“आपल्यामुळे तेही नापास होतील.”

“अहो, तिघं एकदम चुकले तर ती चूक राहत नाही काका.” साहेबांनी रिपोर्टचा कागद पुढे सरकवला. “मी उद्या गोव्याला जातोय, दिवाळी तिकडेच. सोमवारपर्यंत सही करून फॅक्स करा. तुम्हाला जागा कशासाठी दिली ते विसरू नका.”

टिळ्यासाठी दिली, हे मला आता समजलं आहे.

सोमवार, ८ नोव्हेंबर

रिपोर्ट पाठवला. सिंधूला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “नोकरी गेली तर लहानूकडे फुलं तोडायला जाऊ. पण हातमोजे घालून.”

बाटली अ चे आकडे शुभांगीने काढले तेच. धुतल्यावर तिने तीही पुन्हा तपासली होती. बाटली ब पुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘काही आढळले नाही.’ लिहायला तीन शब्द, पण सकाळपासून दुपारपर्यंत वेळ लागला. ‘आहे’ म्हणणं सोपं असतं, आकडा पुढे करता येतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात दाखवायला काहीच नसतं. सही केली. गुरुजी म्हणायचे तसा हात ठेवला. काळूने फॅक्स लावला, कागद आत जाईपर्यंत पॉलिसी पुटपुटत होता.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

साहेबांचा गोव्याहून फोन आला होता. काय बोलले ते सणाच्या दिवशी लिहीत नाही. लॅबमधली यंत्रांची पूजा या वेळी लांबूनच केली. घरी देवाला दूर्वा वाहिल्या. सिंधूने रांगोळीतच झेंडू काढला.

मंगळवार, १४ डिसेंबर

निकाल आला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचायला लावला. शुभांगीने वाचला, मी तो इथे मराठीत उतरवतो.

देशभरातल्या लॅबना बाटली ब मध्ये काही सापडलं नाही. संस्थेने त्यात काही घातलंच नव्हतं. मात्र नाशिक भागातल्या दोन लॅबनी त्यात क्लोरपायरीफॉस असल्याचं कळवलं आणि दोघींचे आकडे इतके जवळचे होते की तो योगायोग मानता येत नाही. तेव्हा संस्थेच्या तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की नाशिकला गेलेली पेटी वाटेत कुठेतरी दूषित झाली असावी. एवढा सूक्ष्म अंश नेमका पकडल्याबद्दल त्या दोन लॅबचं खास अभिनंदन. त्याच पेटीतल्या बाटलीत तिसऱ्या लॅबला काहीच दिसलं नाही, ही गोष्ट गंभीर आहे. तिसऱ्या लॅबने मार्चमध्ये पुन्हा परीक्षा द्यावी.

शुभांगीने कागदाची घडी करून टेबलावर ठेवली. मग काळू म्हणाला, “म्हंजी ते परीक्षक येनार नाय?”

“नाही.”

“मंग मी एवढं पाठ केलं ते?”

सोमवार, २७ डिसेंबर

मी पुन्हा काउंटरवर. काढून टाकलं नाही, कारण हंगामातल्या शेतकऱ्यांना माझा चेहरा ओळखीचा आहे, असं साहेब म्हणाले. नव्या क्वालिटी मॅनेजरचं नाव विधाते. हो, ‘हिरवाई’चा, शून्य नऊवाला. साहेबांनी त्याला दुप्पट पगारावर ओढून आणला. म्हणाले, “याने पकडलं.”

विधाते माणूस वाईट नाही. दुपारी काउंटरवर आला, चहा घेतला, इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “काका, तुमच्या बाटलीत ते खरंच होतं का हो?”

मी म्हटलं, “तुमच्या बाटलीत होतं का?”

तो चहा तसाच ठेवून आत गेला.

शुक्रवार, ३१ डिसेंबर

साहेबांनी जाताना काउंटरशी थांबून आवाज खाली आणला. “काका, झालं ते झालं. मार्चमध्ये नवी बाटली येईल. तुमच्या भावाला सांगून ठेवा. दसऱ्याला आणली होती ना, त्याच वाफ्यातली फुलं. पुन्हा तशीच पूजा करू.”

“साहेब, तो हार...”

“मला माहीत आहे कसला हार. त्या हाराने दोन लॅब पास झाल्या. आपण सोडून.”

संध्याकाळी मखमलाबादला गेलो. लहानूला म्हटलं, “तोच वाफा. पण आजपासून त्याला एक थेंब औषध मारायचं नाही. सगळी फुलं मी घेतो.”

“दादा, आळ्या पडतील. फुलं दाखवायच्या लायकीची राहनार नाय.”

“पडू दे.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच मार्चमध्ये नापास होणार आहे.

डायरी संपली. शेवटचं घोषवाक्य : ‘पुढच्या वर्षीही आम्ही सोबत आहोत.’

गुरुवार, ३ मार्च २००५

नव्या वर्षाची डायरी त्याच कंपनीची आली, ती सिंधूला दिली. हे जुन्या डायरीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहितो.

आज बाटली उघडली. साहेबांनी मुहूर्त काढला होता. मी क्रेट घेऊन आत गेलो आणि हार बाहेर काढला. निम्म्या फुलांना पाकळ्या नव्हत्या. उरलेल्यांची जाळी झालेली. दोन मधमाश्या अंबडपर्यंत सोबत आल्या होत्या. यंत्राला हार घातला तेव्हा एक हिरवी आळी त्यातून निघाली आणि सावकाश यंत्राच्या काचेवरून चालू लागली. शुभांगीने तोंडावर रुमाल धरला.

साहेब म्हणाले, “काका, ही काय फुलं आहेत?”

“तोच वाफा आहे साहेब. तुम्ही सांगितला तोच.”

त्यांनी विधातेकडे पाहिलं. विधातेने आळीकडे पाहिलं. पूजा मी मनापासून केली. शुभांगीने कोणाला न विचारता सगळं सॉल्व्हंटने धुऊन घेतलं, आणि मीच तिला सांगितलं की धुणं हीच उत्तरपूजा. शास्त्रात असेल की नाही माहीत नाही.

दुपारनंतर रेघ आली. बाटली अ मध्ये दोन डोंगर. बाटली ब ची रेघ सपाट. दोनदा तपासली, सपाट.

मी काउंटरवरून हंगामाचे नमुने आत पोचवायला गेलो तेव्हा केबिनमध्ये फोन वाजला. साहेबांनी सवयीने स्पीकर लावला. ‘सुफल’चे मालक. यंदा त्यांनाही पुढच्या फेरीच्या बाटल्या आल्या होत्या. पास झालेल्यांनाही दर फेरीला येतात म्हणे.

“काय साहेब? ब मध्ये किती आलं तुमच्याकडे?”

साहेब स्पीकरवर हात ठेवून माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खरोखर विचारणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

“काका, काय सांगू?”

“काही नाही, असं सांगा.”

“तसं सांगितलं तर तेही ‘काही नाही’ लिहितील. ‘हिरवाई’वालेही लिहितील.”

“लिहू दे साहेब. या खेपेला तिघंही खरं बोलतील.”

बाहेर येताना आळी अजून काचेवरच होती. तिला कागदावर घेतलं आणि कुंपणाच्या जास्वंदीवर सोडलं. ते झाड लॅबचं आहे, त्याला कोणी औषध मारत नाही. कोणाच्या लक्षातच आलेलं नाही.